पिकाची तक्रार कशी सांगावी

भाद्रपद लागला की चामोर्शी तालुक्यातील धानाच्या बांध्यांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "धान पिवळे पडले, कोणते औषध मारू?" हा प्रश्न गावी येणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यास विचारला जातो, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर विचारला जातो, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर एखादे अंधुक छायाचित्र पाठवूनही विचारला जातो. प्रश्न पाच-सहा शब्दांचा असतो. उत्तरही तितकेच आखूड मिळते, म्हणजे एका बाटलीचे नाव. शेतकरी बाटली घेऊन जातो, फवारतो, आणि पंधरा दिवसांनी धान तसेच पिवळे असते किंवा वाळलेले असते. मग दोष औषधाला दिला जातो, कधी सल्ला देणाऱ्याला. प्रश्नाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

वस्तुतः पिवळेपणा हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे. ते पिकाचे गाऱ्हाणे आहे, आणि गाऱ्हाण्याची कारणे पुष्कळ असतात. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी सारखी फिकी होतात व बहुधा सगळ्या बांधीत थोड्याफार फरकाने तेच दिसते. जस्ताची उणीव असेल तर रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात, रोप खुजे राहते आणि बांधीत ठिकठिकाणी असे चट्टे पडतात. कडाकरपा हा जिवाणूंचा रोग. त्यात पिवळेपणा पानाच्या शेंड्याकडून सुरू होतो व कडेकडेने नागमोडी रेषेत खाली उतरतो. करपा बुरशीचा, त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे, मधे राखी व कडेला तपकिरी. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात, त्यामुळे बांधीच्या मध्येच गोल चट्टे पिवळे होऊन वाळतात व ते दिवसेंदिवस रुंदावतात. खोडकिड्याने सगळे झाड पिवळे होत नाही. गाभ्यातील एकच पोंगा वाळतो आणि ओढला तर सहज हातात येतो. गादमाशीने पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होते.

यांतील एकाचा उपाय दुसऱ्यास चालत नाही, इतकेच नव्हे तर पुष्कळदा अपाय करतो. नत्राच्या उणिवेवर युरिया हाच उपाय. परंतु कडाकरपा लागलेल्या धानास तोच युरिया दिला तर रोग बळावतो. बुरशीनाशक जिवाणूंच्या रोगावर काम करीत नाही. तुडतुड्यांवर कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारले तर तुडतुडे खाणारे कोळी व मित्रढेकूण आधी मरतात आणि काही दिवसांनी तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक होतात. गादमाशीची चंदेरी नळी दिसू लागली म्हणजे आतील किडीने आपले काम जवळजवळ उरकलेले असते. त्या पोंग्यास आता लोंब येणार नाही व फवारणीचा खर्च बहुतेक वाया जाणार. अशा वेळी "औषध सांगा" यापेक्षा "पुढील हंगामात रोवणी केव्हा करू व कोणता प्रतिकारक्षम वाण घेऊ" हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

कडाकरप्याची परीक्षा घरीच करता येते, ती येथे सांगून ठेवतो. पानाचा रोगट भाग व हिरवा भाग जेथे मिळतात तेथला बोटभर तुकडा धारदार पात्याने कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक पाण्यात राहील असा, न हलवता धरावा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धार पाण्यात उतरताना दिसली तर तो जिवाणूंचा रोग समजावा. ज्याने हे पाहून मग दूरध्वनी केला त्याचा अर्धा प्रश्न सुटलेला असतो.

आता नावांविषयी. आमच्या भागात तुडतुड्यास सर्रास "मावा" म्हणतात. शास्त्रीय लिखाणात मावा ही वेगळी कीड आहे. ती कापूस, मोहरी, लाखोळी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर बसते. तेव्हा "धानावर मावा आला" असे दुसऱ्या जिल्ह्यातील तज्ज्ञास सांगितले तर तो भलत्याच किडीचा विचार करू लागतो. "करपा" या शब्दाचेही तसेच. पान वाळले की करपा, मग कारण बुरशी असो, जिवाणू असो वा कडक ऊन. त्यात आपल्या तालुक्यात मराठीबरोबर गोंडी, तेलुगू आणि बंगाली बोलणारीही गावे आहेत. एकाच किडीस चार गावांत चार नावे असल्यास नवल नाही. नाव चुकले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण नाव सांगून थांबू नये. "बारीक, करड्या रंगाचे, बुंध्याशी पाण्याजवळ बसतात, हात लावला की तिरपे चालतात व उडी मारतात" एवढे वर्णन कोणत्याही भाषेत केले तरी ऐकणाऱ्यास तुडतुडाच दिसतो.

चुकीच्या नावाने शास्त्रज्ञांचीही वाट चुकते. हिमालयाच्या पायथ्याशी तराईत, पंतनगर भागात, भातावर "खैरा" नावाचा रोग पडत असे. पाने तांबूस-तपकिरी होत, रोपे खुंटत. त्यास रोग म्हटले गेले, म्हणून त्याचा जंतू शोधला जात होता. १९६६ मध्ये डॉ. य. ल. नेने यांनी ते जस्ताच्या उणिवेचे लक्षण असल्याचे दाखविले. झिंक सल्फेट व चुना यांची फवारणी केल्यावर तेच पीक हिरवे झाले. "हा कोणता जंतू?" याऐवजी "या झाडास काय झाले आहे?" असे विचारल्यावर उत्तराची दिशाच पालटली.

शेतकऱ्याच्या बाबतीत हीच गोष्ट युरियाच्या रूपाने घडते. पुष्कळ जण आमच्याकडे पिकाचा प्रश्न आणतच नाहीत, "युरियाची गोणी कोठे मिळेल?" एवढेच विचारतात. घरी बसून त्यांनी निदान केलेले असते, उपायही ठरविलेला असतो. राहते ती फक्त गोणी. ऐकणाराही गोणीचा पत्ता सांगून मोकळा होतो. युरिया कशासाठी हवा, असे कोणी विचारले तर कळते की धान पिवळे आहे. आणखी विचारले तर कळते की पिवळेपणा सगळीकडे नसून बांधीच्या सखल कोपऱ्यात, जेथे महिनाभर पाणी हललेले नाही, तेथेच आहे. तेथे युरियाआधी पाणी काढण्याची गरज आहे. म्हणून उपाय मागण्यापूर्वी तक्रार सांगावी. आपल्या मनात कोणता उपाय आहे तो शेवटी सांगितला तरी चालतो. सांगावाही, म्हणजे तो योग्य की अयोग्य ते कळेल.

तक्रार पूर्ण कशी असते, याचा एक नमुना पाहू. समजा, एका शेतकऱ्याने असे सांगितले : "एक एकराची बांधी आहे, जमीन चिकण, पाणी तलावाचे. भारी धानाची रोवणी २५ जुलैस केली, दाट केली. रोवणीच्या वेळी संयुक्त खताची एक गोणी दिली, नंतर दोनदा युरिया दिला. गेल्या आठ दिवसांत धुऱ्यालगत नव्हे तर मध्यभागी खाटेएवढे तीन चट्टे वाळले. बुंध्याशी करडे किडे आहेत. २० चूड पाहिले, एका चुडात सरासरी १५ निघाले. शेजारच्या बांधीत रोवणी विरळ आहे, तेथे दोन-तीनच आहेत. पाणी चार बोटे साचलेले आहे. अजून काही फवारलेले नाही."

हे सांगावयास दोन मिनिटे लागतात. परंतु ऐकणाऱ्यास यात निदान व उपाय दोन्ही सापडतात. बांधीतील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे, नत्र थांबवावे, दाट पिकात वारा व ऊन बुंध्यापर्यंत जाईल असे पट्टे मोकळे करावे. आणि संख्या नुकसानीच्या पातळीच्या वर गेली असल्याने शिफारस केलेले कीटकनाशक पानांच्या शेंड्यांवर नव्हे तर बुंध्यावर पडेल असे फवारावे. "अजून काही फवारलेले नाही" या एका वाक्याचे मोल विशेष आहे. आधी काय फवारले, किती दिवसांपूर्वी आणि कशात मिसळून, हे लोक लपवितात. आपल्याला कोणी रागावेल असे त्यांना वाटते. परंतु ते ठाऊक नसता दिलेला सल्ला अंधारात फेकलेल्या दगडासारखा असतो.

मोजण्याचा कंटाळा करू नये. "खूप किडे आहेत" यातून काहीच कळत नाही. एकाचे खूप म्हणजे दुसऱ्याचे थोडे. बांधीत तिरपे चालत जाऊन निरनिराळ्या ठिकाणचे २० चूड वाकून पाहावे व आकडा लिहावा. तुडतुड्यांची सरासरी एका चुडात १० पर्यंत पोहोचली, किंवा खोडकिड्याने वाळलेले पोंगे शेकडा ५ झाले, म्हणजे फवारणीचा विचार करावयाचा अशी सर्वसाधारण मर्यादा मानतात. त्याखाली असेल तर पैसे खिशातच ठेवावे व चार दिवसांनी पुन्हा मोजावे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९ पासून राज्यात किडींच्या सर्वेक्षणाचा व सल्ल्याचा जो क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला, त्याचाही पाया ठरावीक शेतांत जाऊन मोजणे हाच आहे. शासन जे जिल्ह्यासाठी करते तेच शेतकऱ्याने आपल्या बांधीसाठी करावयाचे आहे.

आणि मोजणाऱ्या डोळ्याला कधी कधी अधिकही दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ मध्ये आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत तीन लोंबा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे पाहत राहिले. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला तो एच.एम.टी. या घड्याळाच्या नावाने सर्वत्र विकला जाऊ लागला. दादाजी २०१८ मध्ये निवर्तले. एकाच बांधीत "इथे निराळे का?" हे ज्यास दिसते त्यास सल्ला देणे सोपे जाते. रोगाची खूणही बहुधा अशा निराळेपणातच असते : धुऱ्याजवळ आहे की मध्ये, सावलीत आहे की उन्हात, आवत्यात आहे की रोवणीत, माझ्याच शेतात आहे की शेजाऱ्याच्याही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या भागात रोवणी व निंदण बव्हंशी स्त्रिया करतात. पिकाच्या बुंध्याशी दिवसभर वाकून असल्यामुळे पहिला वाळलेला पोंगा, पहिला चट्टा त्यांनाच दिसतो. सल्ला विचारावयास मात्र घरचा पुरुष तालुक्याला येतो, आणि चट्टा केव्हापासून आहे असे विचारले की "आठ-पंधरा दिवस झाले असतील" असे मोघम सांगतो. निघण्यापूर्वी घरी विचारून यावे. त्याहून उत्तम म्हणजे जिने पाहिले तिनेच बोलावे, मग ते समक्ष असो वा दूरध्वनीवर.

छायाचित्र पाठवावयाचे असल्यास एक पाठवून भागत नाही. चार हात अंतरावरून बांधीचे एक, त्यात चट्टा व त्याभोवतालचे निरोगी पीक दोन्ही दिसावीत. मुळासह उपटलेल्या एका चुडाचे एक. आणि रोगट पानाचे जवळून एक, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे ठिपक्याचा आकार कळेल. सकाळच्या उजेडात काढावे. शेजारी निरोगी पानही ठेवले तर फरक उघड दिसतो. नमुना समक्ष न्यावयाचा असल्यास पूर्ण मेलेले झाड नेऊ नये, त्यावर मूळ रोगाचे काही शिल्लक नसते. नुकतेच लागलेले, मुळाच्या मातीसह उपटलेले चूड वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजून कुजते आणि मग तपासणाऱ्यास कुजल्याचीच बुरशी सापडते. जमिनीचा प्रश्न असेल तर माती परीक्षणाचा अहवाल बरोबर असावा.

विचारावे कोठे, हे बहुतेकांस ठाऊक आहे : आपल्या गावचा कृषी कर्मचारी, तालुका कृषी अधिकारी कार्यालय, गडचिरोलीजवळ सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्र आणि धानासाठी सिंदेवाही येथील संशोधन केंद्र. कोणी जवळ नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालू असतो. २००४ पासून ही सोय आहे व तेथे मराठीत बोलता येते. पण पलीकडील माणसास आपली बांधी दिसत नाही. म्हणून दूरध्वनी शक्य तो बांधीवर उभे राहूनच करावा. त्याने विचारले की लगेच वाकून पाहता येते.

सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनेही एक शब्द लिहिणे न्याय्य होईल. आखूड प्रश्नास आखूड उत्तर देणे त्यांनाही सोयीचे पडते, आणि गल्ल्यावर तर उत्तर व विक्री एकाच वेळी होते. इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांनी असाच हाहाकार माजविला होता. फवारण्या वाढत गेल्या तसे तुडतुडेही वाढत गेले. अखेर १९८६ मध्ये तेथील शासनाने ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास बंदी केली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. त्या शाळांची एक रीत घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याने किडा आणून "हा कोणता?" असे विचारले की मार्गदर्शक नाव सांगत नाही, "कोठे सापडला? तेथे काय करीत होता?" असे उलट विचारतो. मग शेतकरी पुन्हा बांधीत जातो, पाहतो, कागदावर चित्र काढतो आणि बहुधा उत्तर स्वतःच घेऊन येतो. आपल्याकडील शेतीशाळा त्याच धर्तीवर चालतात. तेव्हा कोणी तुम्हाला उलट चार प्रश्न विचारले तर तो टाळाटाळ करतो असे समजू नये. एकही प्रश्न न विचारता जो बाटली काढून देतो त्याच्याविषयी मात्र सावध असावे.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. निरनिराळी औषधे एकत्र कालवून, अंगावर संरक्षक साधने न घेता केलेली फवारणी हे त्यामागील एक मोठे कारण होते. कोणती दोन औषधे एकत्र चालतात हे विचारल्याशिवाय ती कालवू नयेत. आणि दुर्दैवाने कोणास फवारताना मळमळ, घाम, अंधारी वा श्वासाचा त्रास सुरू झाला, तर त्यास वाऱ्याच्या जागी आणून, कपडे काढून, अंग साबणाने धुऊन तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा लेबलासह बरोबर न्यावा. दोन कालवली असल्यास दोन्ही डबे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर जे इंजेक्शन देतात ते प्रत्येक विषावर लागू पडत नाही. "कापसाचे औषध होते" एवढ्या माहितीवर डॉक्टरांस उपचार ठरविता येत नाही. कोणते रसायन, किती वाजल्यापासून फवारत होता, त्रास केव्हा सुरू झाला, हे तीन प्रश्न ते विचारणारच. उत्तर देणारा माणूस बरोबर गेला पाहिजे.

आता राहिले ते सल्ला घेतल्यानंतरचे. बहुतेक शेतकरी गुण आला की पुन्हा येत नाहीत आणि न आला तर दुसऱ्याकडे जातात. दोन्ही प्रकारांत सल्ला देणाऱ्यास काहीच कळत नाही. फवारणी केली असो वा नुसते पाणी काढले असो, आठ दिवसांनी त्याच भागातील २० चूड पुन्हा मोजावे. एका चुडातील १५ चे ४ झाले की १८ झाले, ते कळवावे. १८ झाले असतील तर आधी निदान तपासावे लागेल. फवारा बुंध्यावर पडला होता का, त्या रात्री पाऊस आला होता का, हेही पाहावे लागेल. ४ झाले असतील तर शेजारच्या गावात त्याच आठवड्यात तशीच तक्रार घेऊन येणाऱ्यास सांगावयास एक खात्रीची गोष्ट हाती येते. रोवणीची तारीख, खत, आकडे आणि काय केले हे एका वहीत एकाच पानावर लिहून ठेवावे. पुढील आषाढात रोवणीचे अंतर ठरविताना ते पान उघडता येईल.